केरळच्या शाळांमध्ये लिनक्स टिकलं कसं (आणि आपल्याकडे का नाही): एक प्रकरण अभ्यास

कुठल्या देशात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम किती वापरली जाते याचे आकडे स्टॅटकाउंटर दर महिन्याला काढतं. २०२४ च्या मध्याला त्यांनी भारतातल्या डेस्कटॉपवर लिनक्सचा (विंडोजसारखीच, पण कोणालाही फुकट घेता आणि बदलता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम) वाटा १५ टक्क्यांच्या वर दाखवला, तेव्हा सगळ्या जगाचा आकडा साडेचारच्या आसपास होता. झालं, लिनक्सवाल्यांनी पेढे वाटले. मला मात्र शंकाच आली. हे आकडे ब्राउझर वेबसाइटला स्वतःची जी ओळख सांगतो त्यावरून काढतात, आणि अँड्रॉइड फोनच्या क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट'वर टिक केली की तोच फोन समोरच्या साइटला सांगतो की मी लिनक्सचा कॉम्प्युटर आहे. आता आपल्याकडे किती लोक फॉर्म भरण्यापासून निकाल बघण्यापर्यंत सगळं फोनवरच करतात आणि पान नीट दिसेना की डेस्कटॉप साइट ऑन करतात ते आठवा. त्यात परत स्वस्तात पडतो म्हणून डॉस किंवा उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असलेला लॅपटॉप घ्यायचा आणि ओळखीतल्या पोराकडून विंडोज टाकून घ्यायचं ही आपली जुनी रीत, म्हणजे विक्रीचे आकडे घेतले तरी ते वापराचे होत नाहीत.

म्हणून देशाचा आकडा सोडून देऊ आणि लिनक्स लोक खरंच रोज वापरतात अशी एकच जागा घेऊ, केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळा. इथे दोन लाखांच्या वर कॉम्प्युटर आहेत, लाखो मुलं त्यावर शिकतात, आणि हे एखाद्या पायलट प्रोजेक्टचं उद्घाटन करून फोटो काढण्यापुरतं नाहीये, पंधरा-वीस वर्षं चाललंय. यात सरकारं बदलली, मुख्यमंत्री बदलले, लिनक्सची मूळ आवृत्ती डेबियनवरून उबुंटूवर गेली, पण शाळा परत विंडोजवर गेल्या नाहीत. हे का झालं हा माझा प्रश्न आहे, आणि माझं उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत लटकत राहायला नको: लिनक्स चांगलं आहे म्हणून नाही, फुकट आहे म्हणूनही नाही, तर परीक्षा त्यावर झाली म्हणून आणि बिघडलं तर शाळेतच दुरुस्त करणारं माणूस होतं म्हणून.

सुरुवात काही फार क्रांतिकारी नव्हती. २००१ मध्ये केरळ सरकारने 'आयटी अ‍ॅट स्कूल' नावाचा प्रकल्प काढला, इस्रोचे माजी अध्यक्ष यू. आर. राव यांच्या समितीने सुचवल्याप्रमाणे. हायस्कूलच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा, एवढंच. आणि तेव्हा कॉम्प्युटर शिकवायचा म्हणजे काय तर स्टार्ट बटन कुठे आहे, वर्डमध्ये बोल्ड कसं करायचं, पॉवरपॉइंटमध्ये अक्षर उडत कसं आणायचं. पहिली पुस्तकं त्याच धर्तीवर होती. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये फ्री सॉफ्टवेअरची, म्हणजे कोणालाही वापरता, बघता आणि बदलता येईल अशा सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन तिरुवनंतपुरमला आले आणि तिथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली. म्हणजे एकीकडे सरकार विंडोजवर पुस्तक लिहितंय आणि त्याच शहरात विंडोजला विरोध करणारी माणसं एकत्र येतायत.

वाद पेटला तो पुस्तकावरून. शिक्षक संघटना आणि फ्री सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं साधं होतं, सरकारी पाठ्यपुस्तक एका कंपनीच्या प्रॉडक्टचं मॅन्युअल कसं काय असू शकतं? गणिताचं पुस्तक अमुक कंपनीच्या कंपासपेटीवर लिहितो का आपण? केरळमध्ये शिक्षक संघटना म्हणजे काय चीज आहे हे माहीत असलेल्याला कळेल की हा काही चार कॉलेजच्या पोरांचा निषेध नव्हता, राजकीय वजन असलेल्या लोकांनी विषय लावून धरला होता. २००६ मध्ये डाव्या आघाडीचं सरकार आलं, व्ही. एस. अच्युतानंदन मुख्यमंत्री झाले, ते स्वतः फ्री सॉफ्टवेअरच्या बाजूने उघड बोलायचे, मग वरूनही जोर मिळाला. इथे बरेच लोक गोष्ट संपवतात, डावं सरकार होतं म्हणून झालं म्हणतात आणि मोकळे होतात. पण मग २०११ मध्ये ओमन चंडींचं काँग्रेस आघाडीचं सरकार आलं, ते पाच वर्षं चाललं आणि शाळांमधलं लिनक्स जागचं हललं नाही, याचं काय करायचं? नुसत्या विचारसरणीवर उभं असतं तर निवडणुकीबरोबर गेलं असतं.

आता परीक्षेकडे येतो, कारण सगळी मेख तिथे आहे. केरळमध्ये दहावीला, म्हणजे त्यांच्या एसएसएलसीला, आयटीची परीक्षा असते, मुलगा प्रत्यक्ष कॉम्प्युटरसमोर बसून देतो आणि त्याची ग्रेड निकालात येते. संक्रमणाच्या काळात विंडोज की लिनक्स असा पर्याय शाळांना होता, आणि पर्याय असतो तेव्हा काय होतं ते आपल्याला माहितीये, जो तो ओळखीच्या रस्त्याने जातो. पण २००८ पर्यंत ही परीक्षा पूर्णपणे फ्री सॉफ्टवेअरवर आली. त्या दिवसापासून एकाही मुख्याध्यापकाला लिनक्सची महती पटवून द्यायची गरज राहिली नाही. दहावीच्या निकालाचा प्रश्न आला की हेडमास्तर, पालक, ट्यूशनवाला, कॉम्प्युटर विकणारा दुकानदार, सगळे आपोआप रांगेत येतात. भारतात दहावीच्या परीक्षेइतकी ताकद कुठल्याच जाहिरातीत नाही, हे वाक्य मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

पण नुसती परीक्षा लादली असती तर बोंब झाली असती, कारण शिकवणार कोण? केरळने इथे एक गोष्ट केली जी मला सगळ्यात जास्त आवडते. वेगळे कॉम्प्युटर शिक्षक भरत बसले नाहीत. शाळेत जे गणिताचे, विज्ञानाचे, समाजशास्त्राचे शिक्षक आहेत त्यांनाच ट्रेनिंग दिलं. आधी मास्टर ट्रेनर तयार केले, तेही शिक्षकांमधूनच, मग त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात बाकीच्यांना सुट्टीत बसवून शिकवलं, आणि प्रत्येक शाळेत एका शिक्षकाला आयटी कोऑर्डिनेटर नेमलं. याचा परिणाम असा झाला की भूमितीच्या बाईंना जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) येतं, भूगोलाचे सर नकाशाचं सॉफ्टवेअर लावतात, आणि लिनक्स हा 'कॉम्प्युटर लॅबमधला विषय' न राहता इतर विषयांच्या तासाला शिरला. आपल्याकडे अनेक शाळांत लॅबची किल्ली एकाकडे आणि तो रजेवर असला की लॅब बंद, ही परिस्थिती ज्याने पाहिलीये त्याला यातला फरक लगेच कळेल.

आणि दुरुस्ती. लिनक्स सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना लिनक्स आवडत नाही म्हणून ते सोडत नाहीत, तर वायफाय चालेना, प्रोजेक्टर दिसेना, प्रिंटर प्रिंट देईना आणि विचारायला माणूस नाही म्हणून सोडतात. विंडोज बिघडलं तर गल्लीतला कोणीही दोन-तीनशे रुपयांत फॉरमॅट मारून देतो (लायसन्सचं विचारू नका), लिनक्स बिघडलं तर तोच माणूस म्हणतो 'काढून टाका हो हे, विंडोज मारून देतो'. म्हणजे लोकप्रियता ठरवतो तो हा गल्लीतला माणूस. केरळने हा माणूस शाळेच्या आत तयार केला. आधी शिक्षक, मग मुलंच. हार्डवेअर उघडून बघायचं, सिस्टीम परत टाकायची, हे मुलांना शिकवलं, आणि २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' नावाचे आयटी क्लब सुरू झाले ज्यात लाखाच्या वर मुलं आली. काइट हे नाव संस्थेचं, आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पाचं २०१७ मध्ये रूपांतर होऊन केरळ इन्फ्रास्ट्रक्चर अँड टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन अशी सरकारी कंपनी झाली, तिचंच थोडक्यात काइट. नववीतल्या मुलीने पेनड्राइव्ह लावून शाळेतली मशीन परत उभी करणं ही तिथे बातमी नाही.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे पण सोडून चालणार नाही. शाळांना 'लिनक्स वापरा' असं सांगून सोडून दिलं नाही. कुठलं लिनक्स? उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, नवीन माणूस तिथेच गळपटतो, आणि जुने लिनक्सवाले त्याला मदत करायच्या ऐवजी आपापसात भांडायला लागतात (मीही त्यातलाच, डेबियनचा विषय काढू नका). केरळने एकच तयार सिस्टीम बनवली, सगळ्या शाळांना तीच. आत लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखं), गिंप, इंकस्केप, जिओजेब्रा, स्क्रॅच, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, सगळं आधीच भरलेलं, इंटरनेटवरून काही उतरवायचं नाही, जे २००८ च्या काळात फार महत्त्वाचं होतं. आणि पाठ्यपुस्तक त्याच सिस्टीमवर लिहिलेलं, म्हणजे पुस्तकातलं चित्र आणि स्क्रीनवरचं चित्र सारखं. उबुंटूची नवी दीर्घ मुदतीची आवृत्ती आली की ती जशीच्या तशी शाळांवर ढकलत नाहीत, काही काळ थांबून, शाळेच्या सॉफ्टवेअरसकट नीट बसवून मग देतात. २०१९ मध्ये जी दिली ती उबुंटू १८.०४ वरची होती, २०२४ मधली २२.०४ वरची. चार-पाच वर्षांनी एकदा बदल, तोही शैक्षणिक वर्षाच्या हिशोबाने.

भाषेचंही इथेच सांगतो. स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग नावाचा स्वयंसेवकांचा गट २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मल्याळम फॉन्ट, कीबोर्ड, भाषांतर यावर खपत होता, रचना आणि मीरा हे फॉन्ट ते सांभाळतात. त्यामुळे शाळेत लिनक्स आलं तेव्हा मल्याळम युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच दिसेल अशा पद्धतीने, टाइप करता येत होतं. मुलं पहिल्यापासून युनिकोडवरच शिकली. याची किंमत मराठी माणसाला वेगळी सांगायला नको, ज्याने एकदा तरी कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून ती अक्षरांची खिचडी पाहिलीये त्याला तर नाहीच.

पैशांबद्दल. २०१९ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा काइटने सांगितलं की यामुळे ३,००० कोटी रुपये वाचतात. सगळ्या पेपरांनी तोच मथळा केला. हिशोब असा होता की दोन लाख कॉम्प्युटर, प्रत्येकावर लायसन्सचा खर्च दीड लाख धरला. आता दीड लाख म्हणजे विंडोज आणि ऑफिस इतकंच नाही, फोटो, व्हिडिओ, ड्रॉइंग, अशा सगळ्या महागड्या सॉफ्टवेअरची छापील किंमत प्रत्येक मशीनवर लावल्याशिवाय हा आकडा येतच नाही. कुठलंही सरकार दोन लाख मशीनवर छापील किमतीला सगळं घेणार नव्हतं, कंपन्या शाळांना बऱ्यापैकी सूट देतात, कधी कधी जवळजवळ फुकटच देतात, कारण त्यांना उद्याचा गिऱ्हाईक हवा असतो. म्हणून मी ३,००० कोटी हा आकडा वाचलेल्या पैशांचा मानत नाही. पण बचत नाही असंही म्हणत नाही. बचतीची खरी गंमत अशी की लायसन्सवर न गेलेल्या पैशातला काही भाग ट्रेनिंगवर गेला, आणि लायसन्सवर गेलेला पैसा दरवर्षी परत मागितला जातो, शिक्षकाला आलेलं कौशल्य मात्र शाळेतच राहतं. लिनक्स फुकट नाही हो, त्याची किंमत माणसांवर खर्च करावी लागते. ज्यांनी ती केली नाही त्यांचं काय झालं ते शेजारच्याच राज्यात बघता येतं.

तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप दिले, लाखोंनी. बऱ्याच मशीनवर विंडोजबरोबर बॉस लिनक्सही होतं. बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स, सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या चेन्नई शाखेने २००७ मध्ये आणलेलं, डेबियनवर आधारलेलं, भारतीय भाषा आतच असलेलं. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं? पण मशीन सुरू करताना दोन पर्याय समोर येणार, एक मित्र वापरतायत तो आणि एक कोणीच वापरत नाही तो, परीक्षा कशावरच नाही, शिक्षकाला ट्रेनिंग नाही. तुम्ही पंधरा वर्षांचे असता तर कुठलं बटन दाबलं असतं? डिस्कवर लिनक्स असणं आणि लिनक्स वापरणं यातला फरक इथे स्वच्छ दिसतो. २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा तमिळनाडू सरकारने आपल्या खात्यांना बॉस टाकायला सांगितलं होतं, पण त्याने सरकारी टेबलांवरचं विंडोज काही गेलं नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्राने परीक्षेची ताकद ओळखली नव्हती असं कोणी म्हणू नये, उलट केरळइतकीच, कदाचित जास्तच ओळखली होती. एमकेसीएल ही राज्य सरकारच्या पुढाकाराने निघालेली कंपनी २००१ मध्ये स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी गावोगावी पोचलं. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर तलाठी व्हायचं असलेल्या पोरापासून वयाची पन्नाशी गाठलेल्या क्लार्कपर्यंत सगळे क्लासला बसले. लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात धरला तो इथे, हे काम लहान नाही आणि त्याची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो. पण तो कोर्स विंडोज आणि एमएस ऑफिसवर उभा राहिला. म्हणजे तीच युक्ती, तोच काळ, फक्त दुसऱ्या सिस्टीमच्या बाजूने वापरलेली. केरळच्या पिढीला कॉम्प्युटर उघडला की लिनक्स दिसायचं, आपल्या पिढीला विंडोज, आणि दोन्हीकडच्या लोकांना वाटतं की कॉम्प्युटर असाच असतो.

त्यात मराठी टायपिंगने दुसरी खुंटी मारली. कितीतरी वर्षं सरकारी ऑफिसात आणि डीटीपीवाल्यांकडे मराठी म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव नाहीतर आयएसएम. आयएसएम सी-डॅकचंच, विंडोजवर चालणारं. म्हणजे एकाच सरकारी संस्थेचा चेन्नईचा हात लिनक्स बनवतोय आणि पुण्याचा हात मराठी माणसाला विंडोजला बांधतोय. मुद्दाम नाही केलं कोणी, ज्याला त्याला आपापलं गिऱ्हाईक सांभाळायचं होतं, पण परिणाम तो झालाच. ज्या ऑफिसच्या वीस वर्षांच्या फाइली अशा फॉन्टमध्ये आहेत त्याला लिनक्सवर जा म्हणणं म्हणजे आधी सगळं युनिकोडमध्ये बदला म्हणणं आहे, आणि ते कोण करणार?

आणि वाईट याचं वाटतं की माणसं आपल्याकडेच होती. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष राहिलेले नागार्जुन हे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले, म्हणजे मुंबईतलेच. आयआयटी मुंबईचा फ्री सॉफ्टवेअरचा प्रसार करणारा फॉसी प्रकल्प आणि प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभं केलेलं स्पोकन ट्युटोरियल पवईत. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सगळ्यावर छोटे छोटे व्हिडिओ, मराठी आवाजातसुद्धा, फुकट, कोणीही बघावेत. शिकायचं साहित्य मराठीत तयार आहे, पण ते कुठल्याही परीक्षेला लागत नाही, मग कोण बघणार. हौशी बघतात.

केरळची आरती ओवाळून संपवायचं नाहीये. दहावी-बारावीनंतर पोरगं बाहेर पडतं तेव्हा समोर टॅली असतं, डिजिटल सिग्नेचरचं टोकन असतं ज्याचा ड्रायव्हर विंडोजवर एका मिनिटात बसतो आणि लिनक्सवर अर्धा दिवस खातो, ऑटोकॅड असतं, गेम असतात. शाळेतल्या सवयीचा त्याला फायदा होतो तो सिस्टीम बदलायची भीती नसण्यात, आयुष्यभर लिनक्सच वापरण्यात नाही. आणि शिक्षकांवरचा बोजा हाही खरा प्रश्न आहे, आयटी कोऑर्डिनेटर शिकवतोही आणि मशीनही सांभाळतो, दुरुस्तीसाठी वेगळी माणसं न नेमण्याची दुसरी बाजू ही आहेच. 'हायटेक' योजनेत ४५,००० वर्गांमध्ये लॅपटॉप आणि प्रोजेक्टर गेले तेव्हा मशीनला पाच वर्षांची वॉरंटी घेतली होती, हे शहाणपण आधीच्या अनुभवातून आलेलं असणार, कारण लिनक्स कितीही नीट चाललं तरी बॅटरी आणि पॉवर सप्लाय काही त्याचं ऐकत नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि आपल्या शाळांमधली, ग्रामपंचायतींमधली, वाचनालयांमधली कितीतरी मशीन त्यात बसत नाहीत. ती चालू आहेत, फेकायच्या लायकीची नाहीत, हलकं लिनक्स टाकलं आणि गरज असेल तिथे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एक साधी एसएसडी बसवली तर अजून चार-पाच वर्षं आरामात जातील. आता सगळीकडे सल्ले सुरू झालेत की हे डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा तयार प्रकार) टाका, ते टाका. टाका की. पण ज्या संस्थेला खरंच हे करायचंय तिने डिस्ट्रो निवडायच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात. मराठी फाइली युनिकोडमध्ये आहेत का, प्रिंटर आणि टोकन लिनक्सवर चालतं का हे एका मशीनवर महिनाभर करून पाहिलंय का, आणि बिघडलं तर सोमवारी सकाळी कोणाला हाक मारायची त्याचं नाव ठरलंय का. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्या दोनवर वेळ घालवू नका, थोडे पैसे बाजूला ठेवून आधी दोन शिक्षक आणि चार पोरं तयार करा. आणि राज्य पातळीवर कोणाला काही करायचं असेल तर नवीन लॅपटॉप वाटण्याआधी शासनाच्या कॉम्प्युटर टायपिंगच्या परीक्षेत लिबरऑफिस आणि युनिकोडच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर पेपर देता येईल एवढी एक ओळ घालून बघावी, वर्षभरात सगळे टायपिंग क्लास स्वतःहून लिनक्स शिकून घेतील.